थोड्या उन्हाळ्यांतील गोड मका

मका हें ऊब मागणारें पीक आहे. आपल्या इकडे मृगाचा पाऊस पडला कीं मका पेरितात, श्रावणांत निखाऱ्यावर भाजलेलीं कणसें तिखटमीठ लावून खातात, आणि विहिरीस पाणी असेल तर तोच मका हिवाळ्यांत व उन्हाळ्यांतही घेतात. आपला शेतकरी पाणी मोजतो. ऊब मोजण्याचा प्रसंग त्याजवर सहसा येत नाहीं. परंतु पृथ्वीवर असे प्रदेश पुष्कळ आहेत कीं, जेथें माती सकस आहे, पाणी आहे, कष्ट करणारे हात आहेत, पण मक्यास पुरेल अशी ऊब वर्षांतून चारच महिने मिळते. तेथें मका, आणि त्यांतही ज्यास बाजारांत स्वीट कॉर्न म्हणतात तो गोड मका, कसा पिकवितात हें आम्ही ह्या पाठांत सांगणार आहों.

कित्येक मराठी कुटुंबें आतां अमेरिकेच्या व कॅनडाच्या थंड भागांत राहतात व घरामागील तुकड्यांत भाजीपाला लावितात. त्यांस हा पाठ थेट उपयोगी पडेल. बाकीच्या वाचकांसही तो निरुपयोगी नाहीं. मोजक्या दिवसांत पीक कसें साधावें व बीं कसें राखावें, हा प्रश्न मोजका पाऊस पडणाऱ्या आपल्या गांवांतही आहेच.

मिसूरी नदीचा कांठ

उदाहरणासाठीं आम्ही अमेरिकेंतील उत्तर डकोटा हें राज्य घेतों. तें ४६ ते ४९ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान असून समुद्रापासून फार दूर आहे. हिवाळ्यांत पारा शून्याखालीं ३० अंश सेल्सिअसपर्यंतही उतरतो, व जमीन कित्येक महिने दगडासारखी गोठलेली असते. मे महिन्याच्या मध्यापर्यंत तेथें हिंव पडण्याचें भय असतें, आणि सप्टेंबर अर्धा सरला कीं तें पुन्हां येतें. मध्यें राहिले ते चार महिने. एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. जूनमध्यें तेथील दिवस जवळजवळ १६ तासांचा असतो. म्हणून जमीन एकदां तापली कीं पीक झपाट्यानें वाढतें.

हिंव म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं महाबळेश्वरची गोष्ट आठवावी. एखाद्या कडक हिवाळ्यांत तेथें वेण्णा तलावाच्या कांठीं पहांटे गवतावर पांढरे हिमकण दिसतात. असें हिंव मक्याच्या पानांवर पडलें कीं पानांतील पाणी गोठतें, आणि ऊन वर येईपर्यंत उकळतें पाणी ओतल्याप्रमाणें सारें शेत काळवंडतें.

मका हा मूळचा मेक्सिकोचा. सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं तेथील लोकांनीं एका रानगवतापासून तो घडविला. तेथून तो हातोहात उत्तरेस गेला, आणि प्रत्येक पिढीनें लवकर पिकलेल्या कणसांचें बीं राखीत राखीत त्यास थंडीच्या देशांत राहावयास शिकविलें. मिसूरी नदीच्या वरच्या कांठीं मँडन, हिदात्सा व आरिकारा हे मूळचे लोक शेंकडों वर्षांपासून मका पिकवीत आले आहेत. त्यांच्यांत शेती स्त्रियांच्या हातीं होती.

त्यांच्या पद्धतीची माहिती आपणांस एका हिदात्सा स्त्रीच्या मुखानें मिळते. बफेलो बर्ड वुमन ह्या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तिचा जन्म सुमारें १८३९ सालचा. गिल्बर्ट विल्सन नांवाचे एक प्रेसबिटेरियन पाळक तिच्या घरीं जाऊन बसत व ती सांगेल तें लिहून घेत. दुभाष्याचें काम तिचा मुलगा एडवर्ड गुडबर्ड करी. तो स्वतः तेथील मंडळींत उपदेशकाचें काम करणारा होता. तें कथन १९१७ सालीं पुस्तकरूपानें छापलें गेलें. त्यांतील पुष्कळ गोष्टी आजच्या शास्त्राशीं मिळतात, त्या आम्ही त्या त्या ठिकाणीं सांगूं.

१. बीं हळवें असावें

आपल्याकडे भाताचीं हळवीं व गरवीं वाणें असतात. हळवें लवकर निसवतें, गरवें उशिरा. मक्याचेंही तसेंच आहे. थंडीच्या देशांत गरवें बीं पेरणें म्हणजे मेहनत हिंवाच्या तोंडीं देणें होय.

गोड मक्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. साध्या मक्याच्या दाण्यांत साखर तयार होते, व तिचें लौकरच पिठूळ सत्त्व बनतें. गोड मक्यांत एका आनुवंशिक फरकामुळें तें काम मंदावतें, म्हणून दाणा गोड राहतो. आणि वाळला कीं पिठूळ भाग कमी असल्यानें तो सुरकुततो. हिदात्सा स्त्रिया जीं नऊ वाणें ओळखीत, त्यांत असें एक सुरकुत्या पडणारें गोड वाणही होतें. बर्पी ह्या अमेरिकन बियाणें-व्यापाऱ्यांनीं १९०२ सालीं ‘गोल्डन बँटम’ नांवाचें पिवळें, बुटकें व हळवें वाण विक्रीस काढलें; तोंपर्यंत तेथील लोक पिवळा मका बहुधा जनावरांचाच समजत. पुढें १९५३ सालीं इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन ह्यांनीं दुसऱ्या एका फरकाचा शोध प्रसिद्ध केला, व त्यांतून आजचा अतिगोड मका निघाला.

परंतु जितकें बीं गोड तितकें तें नाजूक. दाण्यांतील पिठूळ सत्त्व ही कोंबाची शिदोरी आहे. अतिगोड बियांत ती शिदोरी फारच थोडी असते. थंड मातींत कोंब वर येण्यास दोन-तीन आठवडे लागले, तर तेवढ्यांत शिदोरी सरते व बुरशी बियांत शिरून तें कुजतें. म्हणून जेथें उन्हाळा थोडा, तेथें नवशिक्यानें जुन्या साध्या गोड वाणापासून आरंभ करावा.

२. पंचांग न पाहतां माती पाहावी

चार महिनेच हातीं आहेत म्हणून घाईनें लवकर पेरावें, असें मनांत येणें साहजिक आहे. पण थंड मातींत पडलेलें बीं पुढें जात नाहीं, तें नुसतें थांबतें किंवा मरतें. दोन इंच खोल मातीची ऊब सकाळीं मोजावी. साध्या गोड मक्यास ती निदान १३ अंश असावी व १६ असल्यास उत्तम. अतिगोड वाणास १८ अंशांच्या आसपास हवी. माती थंड असतां बीं एक इंचच खोल टाकावें, म्हणजे वरच्या थराची ऊब त्यास मिळते.

मिसूरीकांठच्या स्त्रियांपाशीं उष्णतामापक नव्हता. रानांतील गूजबेरीच्या झुडुपांस सर्वांआधीं पालवी फुटते. तीं पानांनीं भरत आलीं कीं मक्याची पेरणी सुरू करावी, असा त्यांचा नियम होता. पूर्वेकडील न्यू इंग्लंड प्रांतांतही ओकच्या झाडाचें पान खारीच्या कानाएवढें झालें म्हणजे मका पेरावा, अशी जुनी म्हण आहे. झाड हें जमिनीच्या उबेप्रमाणें चालतें, तारखेप्रमाणें चालत नाहीं. म्हणून वसंत ऋतु एखाद्या वर्षीं उशिरा आला तर ही खूणही आपोआप उशिरा येते. आमचे शेतकरी नक्षत्र पाहून तयारी करितात, परंतु वाफसा आल्याशिवाय पाभर धरीत नाहींत; तोच हा शहाणपणा होय.

मातीची ऊब वाढविण्याचेही उपाय आहेत. हिदात्सा स्त्रिया माती भुसभुशीत करून तिचे लहान उंचवटे करीत, आणि दर वर्षीं जुन्याच उंचवट्याची माती सैल करून तेथेंच सहा ते आठ दाणे टाकीत. दोन उंचवट्यांत सुमारें चार फुटांचें अंतर असे. मोकळी व उंच माती लवकर निथळते व लवकर तापते. हल्लीं पेरणीपूर्वीं जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरितात. पारदर्शक कागदानें काळ्यापेक्षां अधिक ऊब मिळते, मात्र त्याच्या खालीं तणही माजतें. अलास्कांतील फेअरबँक्स हें ठिकाण आणखीही उत्तरेस, सुमारें ६५ अक्षांशावर आहे; तेथेंही अशा पारदर्शक आच्छादनाच्या साह्यानें गोड मका पिकविला गेला आहे.

जागा निवडतांना दक्षिणेकडे उतरती जमीन घ्यावी व खोलगट जागा टाळावी. रात्रीं थंड हवा जड होऊन पाण्यासारखी उतारानें वाहते व खळग्यांत सांचते. हिंव पहिल्यानें तेथेंच पडतें.

३. दिवसांचा नव्हे, उबेचा हिशेब

बियांच्या पाकिटावर ‘६० दिवस’ असें छापलेलें असतें. पण हे दिवस उबदार प्रदेशांतील असतात. थंड भागांत त्याच वाणास ८० दिवसही लागतात. ह्याचें कारण असें कीं, मका दिवस मोजीत नाहीं, ऊब मोजतो. तिचा हिशेब शेतकऱ्यांसही करितां येतो, तो असा.

दिवसाचें कमाल तपमान व रात्रीचें किमान तपमान ह्यांची बेरीज करून तिचें अर्ध करावें, व त्यांतून १० वजा करावे. कारण १० अंशांखालीं मका वाढत नाहीं. किमान १० हून कमी असेल तर १० च धरावें. कमाल ३० हून अधिक असेल तर ३० च धरावें. उरेल तितके त्या दिवशींचे उबेचे अंश झाले.

समजा, दिवसा ३० व रात्रीं १४ आहे. बेरीज ४४, अर्ध २२, वजा १०, राहिले १२. दुसऱ्या ठिकाणीं दिवसा २६ व रात्रीं १२ आहे. बेरीज ३८, अर्ध १९, वजा १०, राहिले ९. आतां एखाद्या हळव्या वाणास ७२० अंश लागतात असें धरूं. पहिल्या ठिकाणीं तें ६० दिवसांत तयार होईल, दुसऱ्या ठिकाणीं ८० दिवसांत. २० मे रोजीं पेरलें तर ८० वा दिवस ८ ऑगस्टला येतो, व हिंव पडण्यास महिनाभर तरी अवकाश राहतो. तेंच १,१७० अंश मागणारें गरवें वाण असेल तर १३० दिवस लागतील, म्हणजे २७ सप्टेंबर उजाडेल. आणि तोंपर्यंत हिंव येऊन गेलेलें असेल. दोघांची मेहनत सारखीच, पण एकाच्या घरीं कणसें येतात व दुसऱ्याच्या शेतांत कडबा उभा राहतो. हा फरक पेरणीपूर्वीं कागदावर दिसत होता, हें विशेष.

४. ओळ लांब नको, चौकोन करावा

मक्याचा तुरा शेंड्यास येतो व कणीस मध्यें येतें. तुऱ्यांतील पराग वाऱ्यानें उडून कणसाच्या केसांवर पडावा लागतो. प्रत्येक केस एकेका दाण्यास जोडलेला असतो. ज्या केसास पराग मिळाला नाहीं, त्याचा दाणा भरत नाहीं. म्हणून एकच लांब ओळ लाविली तर पराग वाऱ्यावर वायां जातो व कणसें बोळकीं राहतात. तेवढींच रोपें चार किंवा अधिक आंखूड ओळींत, चौकोन साधून लावावीं. ओळींत अडीच ते तीन फूट व दोन रोपांत सुमारें एक फूट अंतर असावें.

दोन प्रकारचा मका शेजारीं लावूं नये. साध्या गोड मक्याचा पराग अतिगोड मक्यावर पडला तर दोहोंचे दाणे पिठूळ होतात. एक तर दूर अंतर ठेवावें, किंवा दोन पेरण्यांत इतके दिवस जाऊं द्यावे कीं दोहोंचे तुरे निदान दोन आठवड्यांच्या अंतरानें येतील. मक्याचा वाण शेजारच्या शेतांत जातो हें हिदात्सा स्त्रियांस पक्कें ठाऊक होतें, व प्रत्येक वाण शुद्ध राखण्याची त्या काळजी घेत.

५. निगा

रोपें लहान असतां हिंव पडून पानें करपलीं तर लगेच नांगर फिरवूं नये. पांच-सहा पानें होईपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब मातीखालींच असतो. तो जिवंत असेल तर चार-पांच दिवसांत नवें पान दिसतें. थंड मातींत रोपें जांभळीं दिसतात, कारण मुळांस स्फुरद घेतां येत नाहीं. ऊब आली कीं बहुधा तीं आपोआप हिरवीं होतात. रोप गुडघाभर झालें कीं नत्राचें खत बाजूनें द्यावें व मातीची भर लावावी. बुडाजवळ फुटवे येतात ते उपटण्याचें कारण नाहीं. त्यानें कणीस मोठें होत नाहीं. केस येण्याच्या सुमारास मात्र पाण्याची हयगय करूं नये. त्या दिवसांत आठवड्यास एक इंच पाणी जमिनींत मुरलें पाहिजे.

पांखरांचें भय तेथेंही आहेच. हिदात्सा मुली शेतांत लाकडी माळा घालून त्यावर बसत, कणसांस गाणीं म्हणत व कावळे हांकीत. आमच्या इकडे जोंधळ्यांत माळ्यावर गोफण घेऊन बसणाऱ्यांस हें चित्र परकें वाटणार नाहीं.

६. तोडणीचा दिवस

हुरड्याचा दिवस एक असतो. आधीं दाणा पाणचट, मागून निबर. गोड मक्याचेंही तसेंच. केस दिसल्यापासून सुमारें तीन आठवड्यांनीं, थंडी असेल तर आणखी कांहीं दिवसांनीं, केस वाळून तपकिरी होतात. तेव्हां एका कणसाचें पान थोडें सारून दाण्यास नख लावावें. पाणी निघालें तर थांबावें. दुधासारखा चीक निघाला तर त्याच दिवशीं तोडावें. पिठासारखें लागलें तर वेळ गेली.

तोडणी सकाळीं गारव्यांत करावी. जुन्या गोड वाणाचीं तोडलेलीं कणसें ३० अंश उष्णतेंत ठेवलीं तर एका दिवसांत त्यांतील सुमारें निम्मी साखर नाहींशी होते. म्हणून कणीस तोडण्याआधीं चुलीवर पाणी ठेवावें असें तिकडे म्हणतात, तें थट्टेनें म्हटलेलें नाहीं. अतिगोड वाणांची गोडी अधिक दिवस टिकते. दूरच्या बाजारांत तींच जातात, ह्याचें हेंच कारण.

७. दोन वर्षांचें बीं

आतां ह्या पाठांतील मुख्य गोष्टीकडे येऊं. हिशेब कितीही चोख असला, तरी एखाद्या वर्षीं हिंव ऑगस्टअखेरीसच पडतें. त्या वर्षीं पीक जातें, आणि घरांत बीं नसेल तर पुढच्या वर्षाचेंही पीक त्याच दिवशीं जातें.

हिदात्सा स्त्रिया हिरव्या कणसांचे दाणे अर्धवट उकडून, शिंपल्याच्या धारेनें सोडवून, वाळवून ठेवीत. पक्व कणसांच्या वेण्या घालून त्या उंच मांडवावर वाळवीत, व नंतर जमिनींत खोल खणलेल्या, तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद अशा पेवांत सांठवीत. पेवास आंतून गवताचें अस्तर असे. परंतु बियाण्याचीं कणसें त्या आधींच निराळीं काढीत. चांगलीं, भरलेलीं, निर्दोष कणसें निवडीत. त्यांच्याही दोन्ही टोंकांचे बारीक दाणे टाकून मधल्या भागाचेच दाणे पेरीत. आणि पीक चांगलें आलेल्या वर्षीं निदान दोन वर्षें पुरेल इतकें बीं बाजूस ठेवीत. भुकेच्या दिवसांतही तें खावयाचें नसे. ज्या घरानें तें राखलें, तें हिंवाच्या वर्षानंतर पुन्हां पेरूं शकलें.

ह्या सावधगिरीची किंमत पुढें दिसून आली. मिसूरी नदीवर गॅरिसन धरण बांधलें गेलें, आणि १९५३ पासून नदीकांठची ती मऊ, आश्रयाची, शेंकडों वर्षें कसलेली माती पाण्याखालीं जाऊं लागली. ह्या लोकांच्या राखीव प्रदेशापैकीं दीड लाख एकरांहून अधिक जमीन गेली. एल्बोवुड्स हें त्यांचें गांव बुडालें. बहुतेक कुटुंबांस वाऱ्याच्या, कठीण मातीच्या माळावर जावें लागलें. जमीन वांचवितां आली नाहीं. बीं मात्र वांचलें होतें. कांहीं घरोघर राखलेलें होतें; कांहीं बिस्मार्क गांवचे बियाणें-व्यापारी ऑस्कर विल ह्यांनीं १८८० नंतरच्या काळांत ह्याच लोकांपासून घेऊन नव्या वसाहतकऱ्यांस विकलें होतें. ह्या लोकांच्या नांवाचीं मक्याचीं व घेवड्याचीं वाणें आजही पेरलीं जातात.

तेव्हां ह्या पाठाचा सारांश असा: ऊब थोडी असेल तर ती वाढविण्याची आशा करीत बसूं नये, ती मोजावी, मोजून तिला पुरेल असें बीं निवडावें, माती सांगेल त्या दिवशीं पेरावें, चीक भरेल त्या दिवशीं तोडावें, आणि एकाच हंगामावर घराची भिस्त ठेवूं नये. आमच्या दुष्काळी तालुक्यांत ‘ऊब’ ह्या शब्दाच्या जागीं ‘पाऊस’ हा शब्द घालून हाच सारांश पुन्हां वाचावा. ज्यांच्या घरीं जोंधळ्याचें, बाजरीचें किंवा मक्याचें जुनें हळवें वाण अजून आहे, त्यांनीं ह्या वर्षीं चांगल्या कणसांचे दाणे दोन पेरण्यांना पुरतील इतके राखेंत घालून मडक्यांत बांधून ठेवावे. संकराचें विकत आणलेलें बीं असें राखतां येत नाहीं, कारण त्याचें दुसरें पीक पहिल्यासारखें येत नाहीं. हें मात्र विसरूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. अतिगोड मक्याचें बीं थंड मातींत लवकर कां कुजतें?
२. दिवसा २८ व रात्रीं १२ अंश असतां त्या दिवशींचे उबेचे अंश किती झाले? ८०० अंश मागणारें वाण अशा हवेंत किती दिवसांत तयार होईल?
३. गूजबेरीच्या पालवीची खूण तारखेपेक्षां खात्रीची कां?
४. एका लांब ओळीपेक्षां चौकोनांत लावणी करण्याचा लाभ कोणता?
५. आपल्या गांवांत हळवें म्हणून कोणतें वाण प्रसिद्ध होतें? तें आज कोणाच्या घरीं आहे? वडील माणसांस विचारून पुढील वर्गांत सांगावें.